संस्था, संगणक आणि दोन किल्ल्या

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण, किरकोळ दुरुस्त्यांसह.)



सचिवांनी मला सांगितलं होतं की, "काका, बँकेतले किस्से सांगा, लोकांना आवडतात." किस्से सांगणारच आहे. पण आजचा मुख्य विषय वेगळा आहे. आपल्या सोसायटीतल्या आणि शेजारच्या इमारतींमधल्या मंडळींनी मिळून सुरू केलेलं रुग्णसाहित्य केंद्र तुम्हा सर्वांना माहीत आहे. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, फाउलर बेड, एअर बेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे सगळं अनामत रक्कम घेऊन नाममात्र भाड्याने द्यायचं आणि वस्तू परत आली की अनामत परत करायची, असं हे काम. इथे बसलेल्या बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा तिथली एखादी वस्तू येऊन गेली असेल. मी त्या केंद्राचा अनेक वर्षं खजिनदार होतो. तिथे माझ्या हातून झालेली एक चूक आणि त्यानंतर आम्ही काय शिकलो, ते मला आज सांगायचं आहे. रौप्यमहोत्सवात सगळेच कौतुक करतात, एखाद्याने चूक सांगितली तर बिघडत नाही.

आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. त्याच्या आधीच्या ३१ डिसेंबरच्या रात्री, म्हणजे १९९९ संपताना, मी शाखेत बसून होतो. तेव्हा वायटूके नावाची भीती होती. जुन्या संगणकांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले असायचे. ९९ नंतर ०० आलं की यंत्राला ते १९०० वाटेल आणि व्याजाचे हिशेब कोसळतील, अशी ती भीती. आम्ही सगळ्या खात्यांच्या शिल्लक रकमा कागदावर छापून ठेवल्या होत्या. बारा वाजले, काही झालं नाही, आणि आम्ही चहा पिऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी एक सहकारी म्हणाला, "उगाच एवढा कागद फुकट घालवला." मला तेव्हा ते पटलं होतं. आज पटत नाही. काही झालं नाही त्याचं एक कारण म्हणजे आधी दोन वर्षं लोकांनी बसून यादी केली होती, की आपल्याकडे कोणती यंत्रं आहेत, त्यांवर काय चालतं आणि ते थांबलं तर काय करायचं.

बँकेत संगणक आले ते काही एका रात्रीत आले नाहीत. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला. मग लेजर पोस्टिंग मशीन आली, पुढे संपूर्ण शाखा संगणकीकृत झाल्या, आणि शेवटी सगळ्या शाखा एका केंद्रीय यंत्रणेला जोडल्या गेल्या. त्याला आम्ही कोअर बँकिंग म्हणतो. ह्यात वीस-पंचवीस वर्षं गेली. सुरुवातीला आम्ही मोर्चे काढले, घोषणा दिल्या. मीही दिल्या आहेत, लपवत नाही. पुढे त्याच यंत्रावर बोटं चालवून निवृत्त झालो. सांगायचा मुद्दा हा की ह्या सगळ्या काळात बँकेने यंत्र आणलं तेव्हा त्याबरोबर नियमही आणले. कोण वापरणार, कोण तपासणार, बंद पडलं तर कुणाला फोन करायचा, बॅकअपची टेप कुठे ठेवायची, हे सगळं लिहिलेलं असायचं.

आणि मी मात्र निवृत्त होऊन सेवाभावी संस्थेत आल्यावर हे सगळं विसरलो.

आमच्या केंद्रात सुरुवातीला जाड रजिस्टर होतं. तारीख, वस्तू, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, अनामत, परत केल्याची सही. मग एका देणगीदाराने आपल्या ऑफिसातला जुना संगणक दिला. बी विंगमधला एक मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्याने दोन महिने खपून, एक पैसा न घेता, आमच्यासाठी प्रोग्रॅम तयार केला. नाव टाकलं की माहिती समोर! आम्ही हरखून गेलो. त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मी खजिनदार म्हणून ठराव मांडला की आता रजिस्टर बंद करावं, दुहेरी काम कशाला? ठराव एकमताने मंजूर झाला.

तो मुलगा शिकून जर्मनीला गेला. ते चांगलंच झालं, पोरं जायचीच. त्याच्या जागी कुणी आलं नाही. यंत्र चालत होतं, म्हणून आम्हीही चालवत होतो. २०१९ च्या सुमारास आमच्या एक विश्वस्त ताई म्हणाल्या, "आपण एखाद्या माणसाला वार्षिक देखभालीचं काम देऊ या का? संगणक फार जुना झालाय." त्यांनी एक दरपत्रकही आणलं होतं, वर्षाला बारा हजार रुपयांचं. मी ते खोडलं. माझे शब्द मला आठवतात. मी म्हणालो, "ताई, बारा हजारांत दोन व्हीलचेअर येतात. लोक आपल्याला रुग्णांसाठी पैसे देतात, कॉम्प्युटरवाल्यासाठी नाही." सभेने माना डोलावल्या. मला वाटलं, मी संस्थेचे पैसे वाचवले.

मग २०२१ चा एप्रिल आला. दुसऱ्या लाटेची मला नव्याने ओळख करून द्यायला नको. आपल्या डोंबिवलीत रोज कुणाच्या तरी घरून फोन यायचा, कुठे बेड मिळेल का, कुठे ऑक्सिजन मिळेल का. आमच्याकडे सहा कॉन्सन्ट्रेटर होते. हे यंत्र हवेतला नायट्रोजन बाजूला काढून ऑक्सिजन पुरवतं, सिलिंडर भरून आणावा लागत नाही, फक्त वीज लागते. घरी असलेल्या सौम्य-मध्यम रुग्णाला, दवाखान्यात जागा मिळेपर्यंत, त्याचा मोठा आधार होता.

एका रात्री दहाच्या सुमारास पलीकडच्या रस्त्यावरच्या इमारतीतून एका मुलाचा फोन आला. वडिलांचा ऑक्सिजन कमी होतोय, एक मशीन द्या, काहीही करा. मी म्हटलं, पाहतो. केंद्रात गेलो. कपाट रिकामं होतं, सहाही बाहेर होते. आता कुणाकडे कुठलं आहे आणि कुणाचं काम झालंय, हे बघायला संगणक चालू केला. पडदा काळा. पुन्हा चालू केला. पुन्हा काळा. आतून टकटक आवाज येत होता. हार्ड डिस्क गेली होती.

जर्मनीतल्या मुलाला फोन लावला. तो बिचारा लगेच फोनवर आला. म्हणाला, "काका, मी दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर कॉपी घ्यायला सांगितलं होतं." टेबलाच्या खणात पेन ड्राइव्ह सापडला. त्यावरची शेवटची कॉपी २०१६ ची होती. माझ्या हातात संस्थेची पाच वर्षांपूर्वीची स्थिती होती!

शेवटी मी अनामत पावत्यांची पुस्तकं काढली. बँकेच्या सवयीमुळे पावतीची स्थळप्रत मात्र आम्ही जपून ठेवत होतो. मी आणि ताई, तोंडाला मास्क लावून, जमिनीवर बसलो आणि एकेक स्थळप्रत चाळू लागलो. पावतीवर नाव आणि रक्कम होती, पण फोन नंबर सगळ्यांवर नव्हते, आणि कॉन्सन्ट्रेटर असं स्पष्ट लिहिलेलंही नव्हतं. अनामत रकमेवरून ओळखायचं, की एवढी मोठी रक्कम म्हणजे कॉन्सन्ट्रेटरच असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता आम्हाला एक मशीन सापडलं. ते आपल्यापासून दोन इमारती सोडून एका घरात होतं. त्यांचा रुग्ण बरा होऊन तीन आठवडे झाले होते. त्या बाई म्हणाल्या, "आम्ही तुमच्या फोनची वाटच बघत होतो. लॉकडाउनमध्ये आणून द्यायचं कसं, म्हणून राहिलं."

म्हणजे त्या रात्री दहा वाजता ते मशीन पाच मिनिटांच्या अंतरावर, चादरीखाली झाकून ठेवलेलं होतं.

त्या मुलाने पहाटे कुठून तरी सिलिंडर मिळवला होता. पुढे वडिलांना ठाण्याला बेड मिळाला आणि देवाच्या दयेने ते वाचले. पुढच्या वर्षी तो मुलगा देणगीचा धनादेश घेऊन आला. पावती लिहिताना त्याने सहज विचारलं, "काका, त्या रात्री तुमच्याकडे मशीन शिल्लक नव्हतं ना?" मी पेन खाली ठेवलं. हो म्हणणं सोपं होतं. पण मी त्याला सांगितलं, "होतं. कुठे आहे ते आम्हाला माहीत नव्हतं." तो काही बोलला नाही. धनादेश मात्र त्याने परत घेतला नाही.

मी त्याच आठवड्यात ताईंकडे जाऊन म्हणालो, तुमचं ते दरपत्रक अजून आहे का?

आता पुढचा भाग. आम्ही ज्यांची मदत घेतली त्या ठाण्यात तीन माणसांचं छोटं ऑफिस चालवतात. आधी मोठ्या कंपनीत हेच काम करायच्या. मला वाटलं, आल्या की संगणक उघडतील. त्यांनी पहिल्या दिवशी संगणकाला हातही लावला नाही. वही काढली आणि प्रश्न विचारायला बसल्या. "एखादी वस्तू कुठे आहे, हे तुम्हाला किती वेळात सांगता आलं पाहिजे?" मी म्हटलं, पाच मिनिटांत. "हिशेब बंद पडले तर?" म्हटलं, चार दिवस चालेल, मार्चअखेर सोडून. "आणि वेबसाइट बंद पडली तर?" आमचे अध्यक्ष म्हणाले, "महिनाभर तर कुणाला कळणारही नाही." सगळे हसले. मग त्यांनी विचारलं, "गेल्या पाच वर्षांत सगळ्यात जास्त खर्च कशावर केलात?" उत्तर होतं, वेबसाइटवर.

तेवढ्यात आम्हाला नियोजन म्हणजे काय ते समजलं. ज्याच्यावाचून रुग्णाचं अडतं, त्यावर आमचा खर्च शून्य होता, आणि ज्याच्यावाचून कुणाचंच अडत नाही, त्यावर पंचवीस हजार.

त्या वेबसाइटचीही एक गंमत सांगतो, म्हणजे आता गंमत वाटते. ज्या गृहस्थांनी ती करून दिली होती त्यांनी वेबसाइटचं नाव स्वतःच्या नावावर नोंदवलं होतं. त्यांनी धंदा बंद केला, मुदत संपली, आणि आमचं नाव गेलं. ते काही लबाड नव्हते. आम्हीच कधी विचारलं नव्हतं की ही मालमत्ता कुणाच्या नावावर आहे. कर्जाला तारण घेताना सात-बारा तपासणारा मी, इथे एक कागद मागितला नाही.

बाईंनी आमच्याकडून चार रकाने भरून घेतले. पहिला, आपल्याकडे काय आहे. दुसरा, त्यावर कोणतं काम चालतं. तिसरा, ते कोणाला येतं. चौथा, ते बंद पडलं तर काय. तिसरा रकाना भरताना आम्हाला घाम फुटला, कारण बहुतेक ठिकाणी एकच नाव येत होतं. नाहीतर "जर्मनी". आणि संगणक विंडोज सेव्हनवर चालत होता. त्याला कंपनीकडून मिळणारा सुरक्षेचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला होता. आम्हाला पत्ता नव्हता.

माझ्या डोक्यात तेव्हा मोबाइल ॲप होतं. हल्ली सगळ्यांकडे असतं, आपणही करू या. त्या म्हणाल्या, "काका, ॲप नको. आधी प्रत्येक वस्तूवर नंबर टाका." किती साधी गोष्ट! आमच्याकडे चाळीस वॉकर होते आणि सगळे "वॉकर" ह्या एकाच नावाने ओळखले जायचे. दोन रविवार आम्ही म्हातारे-म्हाताऱ्या बसून वस्तूंवर नंबरच्या पट्ट्या चिकटवत होतो. बाहेरच्या जाणकार माणसाचा उपयोग यंत्र दुरुस्त करायला होतोच. पण आमचा सगळ्यात जास्त पैसा वाचला तो त्यांनी "हे घेऊ नका" असं सांगितल्यामुळे.

त्यानंतर तीन वर्षांची एक पानाची योजना केली. पहिल्या वर्षी वस्तूंचे नंबर, नवी यादी, बॅकअप आणि संस्थेच्या नावाचा ईमेल. तोवर संस्थेचा सगळा पत्रव्यवहार एका माजी चिटणीसांच्या खासगी ईमेलवर होत होता. दुसऱ्या वर्षी संगणक बदलायचे आणि हिशेब नीट प्रणालीवर आणायचे. तिसऱ्या वर्षी नवे स्वयंसेवक तयार करायचे आणि सगळं पुन्हा तपासायचं. ह्या पानावर प्रत्येक कामापुढे दोन माणसांची नावं आहेत. एक नाव चालत नाही.

खर्चाचंही सांगतो, कारण प्रश्न तोच येतो. देखभालीचे महिन्याला दीड हजार, म्हणजे वर्षाला अठरा हजार. शिवाय दोन संगणक साधारण नव्वद हजारांचे, पाच वर्षं टिकतील असं धरलं, तर दरवर्षी अठरा हजार बाजूला टाकायचे. एकूण छत्तीस हजार. केंद्राचा वर्षाचा खर्च सहा लाखांच्या आसपास आहे. म्हणजे शंभरातले सहा रुपये. हे सहा रुपये वाचवून मी काय मिळवलं, ते मघाशी सांगितलं.

अडचण अशी की ह्या सहा रुपयांना देणगीदार मिळत नाही. व्हीलचेअरवर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" अशी पाटी लावता येते. बॅकअपवर पाटी लावता येत नाही! म्हणून आम्ही वार्षिक सभेत सरळ सांगितलं की प्रत्येक देणगीतला थोडा भाग व्यवस्थेसाठी जाईल. एक-दोघांनी नाराजी दाखवली. बाकीच्यांना पटलं. शिवाय गूगल, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपन्या नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना ईमेल आणि इतर काही सेवा विनामूल्य किंवा सवलतीत देतात. टेकसूप नावाची संस्था १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली, ती अशा सवलती संस्थांपर्यंत पोचवण्याचंच काम करते. आम्हाला हे कुणी सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. अर्ज मात्र करावा लागतो, आणि नोंदणीचे कागद व्यवस्थित असावे लागतात.

आता दोन किल्ल्यांची गोष्ट. बँकेची तिजोरी एका माणसाला कधीच उघडता येत नाही. एक किल्ली कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे आले तरच दार उघडतं. ह्यात कुणावर अविश्वास नसतो, उलट दोघांचंही त्यात रक्षण असतं. आणि जास्तीच्या किल्ल्यांचा संच त्या शाखेत ठेवतच नाहीत. तो सीलबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवतात, पोच घेऊन. शाखेला आग लागली तरी किल्ली सुरक्षित.

बाईंनी बॅकअपचा नियम समजावला तेव्हा मला हेच आठवलं. माहितीच्या तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक प्रत जागेच्या बाहेर. मी म्हटलं, अहो, हे तर आम्ही चाळीस वर्षं किल्ल्यांच्या बाबतीत करत आलोय! आता आमचे मुख्य पासवर्ड सीलबंद पाकिटात, दोन विश्वस्तांच्या सहीने, बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. लॉकरही दोघांच्या नावावर. कुणी पद सोडलं की त्याच आठवड्यात पासवर्ड बदलायचा आणि नवं पाकीट करायचं.

एवढं करूनही फसगत होते. सहा महिन्यांनी बाई म्हणाल्या, आता तालीम घेऊ. समजा संगणक गेला, बॅकअपवरून यादी उभी करून दाखवा. आम्ही ऐटीत बसलो. यादी आली, पण अर्धीच! एक फोल्डर बॅकअपमध्ये घ्यायचं राहून गेलं होतं. चूक त्यांच्याकडूनच झाली होती आणि त्यांनी ती लगेच कबूल केली. पण तालीम घेतली म्हणून कळलं. आता दर सहा महिन्यांनी तालीम होते आणि तिची नोंद वहीत होते. आणि हो, रजिस्टरही परत आलं. दर शनिवारी बाहेर असलेल्या वस्तूंची यादी कागदावर छापून फाइलला लावतो. संगणक, इंटरनेट, वीज, तिन्ही गेलं तरी शनिवारपर्यंतची स्थिती हातात असते.

काहीजण विचारतात की बाहेरच्या माणसाला पैसे देण्यापेक्षा सोसायटीतली हुशार पोरं काय वाईट? पोरं उत्तमच आहेत. पण फुकट काम करणाऱ्याला रात्री दहा वाजता हक्काने फोन करता येत नाही, आणि त्याची परीक्षा असेल तर तो येऊही नये. करार केला की मागता येतं. आमच्या करारात पाच गोष्टी आहेत. तक्रार केल्यापासून किती तासांत माणूस येणार. बॅकअपची जबाबदारी कुणाची आणि तो कोण तपासणार. रुग्णांची माहिती बाहेर जाणार नाही ह्याची हमी. माहिती, ईमेल, वेबसाइटचं नाव हे सगळं संस्थेच्या मालकीचं. आणि पाचवी, करार संपला तर सगळं व्यवस्थित हातात कसं सोपवणार. काम बाहेर द्यावं, किल्ली देऊ नये.

रुग्णांच्या माहितीचा मुद्दा मी आधी हलका समजत होतो. आमच्या खणात लोकांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स पडून असायच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांसकट. कुणाला कसला आजार आहे, हे शेजाऱ्याला कळू नये एवढी तरी आपण काळजी घ्यायला हवी. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. आता आम्ही गरज नसलेला कागद घेतच नाही.

आणि प्राप्तिकराचं. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून, ८०जी ची सवलत असलेल्या संस्थेला प्रत्येक देणगीदाराचा तपशील फॉर्म १०बीडी मध्ये ऑनलाइन भरणं बंधनकारक झालं, ३१ मेपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, असा नियम आला. त्यानंतर देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळू लागलं, आणि त्याशिवाय त्याला सवलत मिळेनाशी झाली. म्हणजे आमच्या नोंदींत पॅन चुकला तर नुकसान देणाऱ्याचं. ज्याने आपल्याला दिलं त्यालाच त्रास! पूर्वी मी मे महिन्यात रात्र-रात्र पावत्या तपासत बसायचो. आता पावती करतानाच पॅन नोंदला जातो.

सगळं छान झालं असं म्हणणार नाही. आमचे दोन विश्वस्त अजून खिशातल्या डायरीतच लिहितात आणि शनिवारी ती उतरवून घ्यावी लागते. पण अडुसष्ट वर्षांच्या एक काकू, ज्या संगणकाला हात लावायला घाबरायच्या, त्या आता दर मंगळवारी यादी उघडून मुदत संपलेल्यांना फोन करतात. "तुमचे पेशंट कसे आहेत? मशीनची गरज संपली असेल तर आम्ही घ्यायला येतो." हा फोन त्या एप्रिलमध्ये कुणी केला असता तर!

आता दोन शब्द आपल्या सोसायटीविषयी, कारण शेवटी आपलीही ना-नफा संस्थाच आहे. परवा मी कार्यकारिणीला सहज विचारलं, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगचा पासवर्ड कुणाकडे आहे? तिघांनी तीन नावं सांगितली, आणि त्यातलं एक गृहस्थ फ्लॅट विकून गेलेत. देखभाल शुल्काचे हिशेब अकाउंटंटच्या लॅपटॉपवर आहेत, त्याची प्रत आपल्याकडे नाही. गेटवरच्या ॲपमध्ये आपल्या घरी कोण येतं-जातं ते सगळं नोंदलं जातं, त्याचा करार कुणी वाचलाय? मी दोष देत नाही. पंचवीस वर्षांत पाच-सहा कार्यकारिणी झाल्या, मीही एकीत होतो, मीही विचारलं नव्हतं.

म्हणून माझी एक विनंती आहे. लिफ्टची देखभाल आपण कराराने करतो, पाण्याची टाकी वर्षातून दोनदा धुतो, लेखापरीक्षण करतो. तसंच हे चार रकान्यांचं एक पान पुढच्या वार्षिक सभेआधी भरा. काय आहे, त्यावर काय चालतं, कोणाला येतं, बंद पडलं तर काय. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी दोन नावं येईपर्यंत पान पूर्ण झालं असं समजू नका. लागेल तिथे बाहेरची मदत घ्या, आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ ठेवा. खजिनदार ती खोडायला लागले तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

मी आता चौऱ्याहत्तर पूर्ण केली. केंद्राचं खजिनदारपद गेल्या वर्षी सोडलं. सोडताना नव्या खजिनदारबाईंनी माझ्यासमोर पासवर्ड बदलले आणि जुनं पाकीट फाडलं. मला आत शिरायला आता वाट नाही. शाखा सोडताना किल्ल्या सोपवून पोच घ्यायचो, तशीच ह्याही वेळी पोच घेतली आणि घरी आलो. झोप छान लागली.

 सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाला मी असेन-नसेन, पण आजची यादी तेव्हाच्या मुलांना सापडेल एवढं बघा.